रॉड बारा फूट, रील पाच हजार

"काका, मासे धरायचा रॉड हाय का? समुद्रातले मासे. किनाऱ्यावर उभं राहून धरायचे."

हा प्रश्न मी गेवराईच्या मेन रोडवर, हनुमानकाकांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, भर बाजाराच्या दिवशी, आठ गिऱ्हाइकांसमोर विचारला. आठ मी मोजले. अपमान व्हायची वेळ आली की मला माणसं मोजायची सवय आहे.

हनुमानकाकांनी मान वर केली नाही. "पंधराशे वॉटचा देऊ का दोन हजारचा?"

"काका, पाणी तापवायचा न्हाई. मासे धरायचा."

"तेच की वं. दोन हजारचा टाक समुद्रात. मासे उकडूनच वर येतेत. गॅस वाचंल तुझ्या मायचा."

आठही गिऱ्हाइकं हसली. दुकानाबाहेर, उसाच्या रसाच्या गाड्याआड लपलेल्या राजनंदिनी आणि अंजना त्यांच्याही वर हसल्या. पैज त्यांनीच लावली होती. राजनंदिनीच्या हसण्याचं मला काही नाही, तिचं हसणं तसंही घोड्यासारखं आहे. पण अंजना हसताना राजनंदिनीच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होती. पाचवीपासून दहावीपर्यंत अंजनाला हसू आलं की ते डोकं माझ्या खांद्यावर यायचं. माझा खांदा तिथेच होता, दुकानात, रिकामा.

तर गोष्ट अशी, की ही राजनंदिनी जूनमध्ये सिरसाळ्याहून आमच्या शाळेत आली. वडिलांची बदली. दिवाळीपर्यंत ती वर्गात कुणाच्या लक्षातही नव्हती, मागच्या बाकावर बसून डबा एकटीच खायची. मग दिवाळीत ती कोकणात मामाकडे गेली आणि तिथून तिने मोबाइलवर एक रील टाकली. समुद्र, लाटा, हातात लांबलचक रॉड, डोक्यावर टोपी. रॉड मागे नेते, झटका देते, मग एकदम कट, आणि पुढच्या क्षणी हातात चांदीसारखा चकाकणारा हातभर मासा. खाली लिहिलेलं, "समुद्राची लेक."

समुद्राची लेक! सिरसाळ्यात शेततळं दिसलं तरी माणसं सेल्फी काढतात.

दिवाळीची सुट्टी संपली आणि अंजना माझ्या बाकावरून उठून तिच्या बाकावर गेली. "दोन दिवसच गं, यशे," म्हणाली. "ती मासे धरायचं सांगायलीय." दोन दिवसांचा महिना झाला.

आणि त्यातच सहल निघाली, तीही कोकणात. आमच्या वर्गशिक्षिका सत्यभामा मॅडम यांनी फळ्यावर लिहिलं, "एसटीत कोण कुणाशेजारी बसणार, त्या जोड्यांची यादी पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत द्यावी. नंतर बदल होणार नाही." मॅडमच्या यादीत बदल होत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. मागच्या वर्षी एक मुलगी सहलीच्या आधी शाळा सोडून गेली, तरी तिची सीट रिकामी नेली.

आजवरच्या प्रत्येक सहलीत अंजनाशेजारी मी बसले आहे. ही काही आरामाची जागा नाही. अंजनाला गाडी लागते. औंढ्याला जाताना माझ्या नव्या ड्रेसवर, वेरूळला जाताना माझ्या डब्यावर, आणि पैठणला तर गाडी स्टँडवरून हलायच्या आधीच. लिंबू मी न्यायचे, कॅरीबॅगा मी न्यायचे, पाठीवरून हात मी फिरवायचे. एवढं सगळं केल्यावर त्या सीटवर माझा हक्क नको का? सातबारा काढला तर माझंच नाव निघेल.

पण मधल्या सुट्टीत राजनंदिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "मी माझा रॉड नेणार. अंजना आणि मी किनाऱ्यावर मासे धरणार."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझा बी येतोय. बारा फुटी."

रॉड फुटात मोजतात हे मला माहीत नव्हतं, बरं का. नशिबाने बरोबर निघालं. किलोत सांगितलं असतं तर तिथेच मेले असते. राजनंदिनी म्हणाली, "खरंच घ्यायलीस, तर चल, हनुमानकाकांना विचारून दाखव." त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

त्या संध्याकाळी मी निश्चय केला. रॉड आणायचा, तोही असा की तिचा रॉड त्याच्यापुढे खराट्याची काडी दिसेल. तीन दिवस मी मोबाइलवर एका माणसाचे व्हिडिओ पाहिले. हा माणूस मासे घाबरतील म्हणून कुजबुजत बोलतो, त्यामुळे मीही घरात कुजबुजायला लागले आणि आईला वाटलं घसा बसला. तिने हळदीचं दूध पाजलं.

पण शिकले भरपूर. किनाऱ्यावरून मासे धरायचे तर रॉड लांब लागतो, दहा-बारा फुटी, कारण आमिष फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पडलं पाहिजे. एवढा लांब रॉड एसटीत मावत नाही म्हणून तो तीन तुकड्यांचा घ्यायचा. आमिष म्हणून गांडूळ-बिंडूळ नाही, खोटा मासा लावायचा. त्याला ल्युअर म्हणतात. त्याचं वजन ग्रॅममध्ये असतं आणि तेवढं वजन फेकायची ताकद त्या रॉडमध्ये आहे का, ते मुठीजवळ छापलेलं असतं, ते बघून घ्यायचं. आणि दोरा गुंडाळायची ती रील. तिच्यावर चार हजार, पाच हजार असे आकडे असतात. ते रुपये नाहीत. रीलचा साइज आहे, चपलेला असतो तसा. समुद्राला पाच हजारवाली बरी, आणि खाऱ्या पाण्याने गंजणार नाही अशी. ही रील रॉडच्या खाली लोंबती ठेवायची, वर नाही. कुजबुजणारा माणूस या मुद्द्यावर एकदाच मोठ्याने बोलला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

हे सगळं मी गुपचूप करत होते. पण आमच्या गल्लीत गुपचूप करता येणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे श्वास घेणे, आणि त्यावरही दगडामावशी विचारतात, "सर्दी हाय का गं?"

दगडामावशी शेजारच्या. त्यांनी ओट्यावर बसून माझं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी खोटा मासा दाखवायचा आन् खरा धरायचा?"

"व्हय मावशी."

"मग त्येच्यात नवं काय हाय? निवडणुकीला दर पाच वर्साला हेच करतेत की."

समोरचे त्रिंबक गुरुजी रिटायर आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे सल्ला शिल्लक खूप आहे. ते म्हणाले, "कारखान्यातला रॉड कशाला? मानवेलीचा बांबू घे. तेल पाज, उन्हात ठेव, सहा महिन्यांत तयार."

"गुरुजी, सहल पंधरा दिवसांवर आलीय."

"मग पुढच्या सहलीला ने. घाई कावून करायलीस?"

मी दहावीत आहे. पुढची सहल नाही. पण हे गुरुजींना कोण सांगणार, त्यांनी तोवर बांबूच्या जातींचा फळा मनातल्या मनात लिहायला घेतला होता.

आता मुख्य अडचण पप्पांची. माझे पप्पा पंचायत समितीत आवक-जावक विभागात क्लार्क आहेत. त्यांना तोंडी काही मागितलं की ते म्हणतात, "लेखी दे." लेखी दिलं की म्हणतात, "बघू." पण पप्पांचा एक गुण मला माहीत आहे. हातात यादी दिली की ते प्रश्न विचारत नाहीत. यादीत लिहिलंय म्हणजे कुणीतरी वरच्याने मंजूर केलंय, असा त्यांचा विश्वास आहे. एकदा आईच्या यादीवर मी पाढ्याचा सराव केला होता, तर पप्पा 'आठ आठे' चौसष्ट नग शोधत फिरले होते.

पप्पा ऑफिसच्या कामाला संभाजीनगरला निघाले. आईने किराण्याची आणि तिच्या शिलाईच्या सामानाची यादी केली. आई ब्लाउज शिवते. ती दूध बघायला उठली तेवढ्यात मी तिच्याच पेनने, तिच्याच अक्षरात खाली तीन ओळी वाढवल्या.

रॉड – १२ फूट (तीन तुकडे)
रील – ५०००
ल्युअर – ४० ग्रॅम

आणि शाळेत जाऊन जाहीर केलं, "रविवारी सकाळी माझ्या घरी या. माल येतोय." अंजना म्हणाली, "खरंच गं?" तिचे डोळे चमकले आणि ती माझ्याकडे पाहून हसली. महिन्यानंतर पहिल्यांदा. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी अंजना आली, राजनंदिनी आली, आणि आमंत्रण नसलेल्या दगडामावशी आणि त्रिंबक गुरुजी आधीच येऊन बसले होते. पप्पांनी पिशव्या उघडल्या.

पहिल्यांदा निघाल्या तीन चार-चार फुटी पितळी रंगाच्या नळ्या, टोकाला गोंडे असलेल्या.

"पडद्याचा रॉड," पप्पा अभिमानाने म्हणाले. "हॉलच्या तीन खिडक्या, चार-चार फुटी. बारा फूट, तीन तुकडे. तुझ्या आईनं दोन वर्सं गळ घातलीय मला."

आई भारावली. तिने यादीत हे लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं, पण अशा वेळी बाई कशाला आठवेल?

मग निघाला पांढऱ्या दोऱ्याचा डोक्याएवढा कोन. त्यावर छापलेलं होतं, पाच हजार मीटर.

"'रील' लिहिलेलं," पप्पा आईला म्हणाले. "मी शुद्धलेखन दुरुस्त केलं. 'रीळ'. मुलगी दहावीला हाय, घरात तरी शुद्ध लिहा."

आणि शेवटी कागदाची एक पुडी. माझ्यात अजून थोडी आशा होती. चाळीस ग्रॅमचा मासा पुडीत मावू शकतो. पप्पांनी पुडी उघडली आणि सगळ्या घरात दंतमंजनाचा वास सुटला.

"लवंग. चाळीस ग्रॅम. अक्षर लागंना, ल्यु का काय ते. पण किराणावाला म्हणाला, साहेब, ल वरून सुरू होणारं आणि ग्रॅमात घ्यायचं, म्हंजी लवंगच. मला पटलं."

राजनंदिनी आधी घोड्यासारखी हसली नाही. तिने ओठ दाबून धरले. हे जास्त वाईट होतं. मग ती पडद्याच्या रॉडचं गोंडेदार टोक हातात घेऊन म्हणाली, "ह्याला मासा लागला तर दोन्हीकडून पडदा बी ओढता येईल." आणि अंजना हसली. डोकं कुणाच्या खांद्यावर गेलं ते मी बघितलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून लवंगा मोजत होते.

सगळे गेल्यावर घरात चौकशी बसली. मी सगळं कबूल केलं. यादी, अक्षर, रॉड, मासा. फक्त अंजनाचं सांगितलं नाही. ते कसं सांगणार? 'माझी मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसते' हे मोठ्याने म्हटलं की बालवाडीतलं वाटतं.

आई रागावली. पण पप्पांनी ती यादी परत वाचायला घेतली. रात्री जेवताना म्हणाले, "चूक माझी बी हाय. मी शुद्धलेखन दुरुस्त करायला नको होतं." पप्पांनी शुद्धलेखनाबद्दल माफी मागितलेली आमच्या घराण्यात ही पहिली वेळ. मग म्हणाले, "रॉडचं बघू. आधी परवानगी काढू."

"पप्पा, रॉडच न्हाई तर परवानगी कशाची?"

"असंच अस्तंय. वस्तू कधी बी भेटती. परवानगी भेटत न्हाई."

आणि मग जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. पप्पांनी अर्ज लिहिला, "विषय: शैक्षणिक सहलीमध्ये मासे धरण्याची काठी (एक) सोबत नेण्यास परवानगी मिळणेबाबत." शाळेत गेले. शाळेने सांगितलं, गाडी एसटीची आहे, आगाराचं पत्र आणा. आगारातल्या साहेबांनी विचारलं, ही काठी हत्यार आहे, सामान आहे की शेतीचं अवजार? हत्यार असेल तर चालणार नाही, अवजार असेल तर टपावर, सामान असेल तर शाळेचं पत्र आणा. पप्पा चार दिवस शाळा ते आगार, आगार ते शाळा असे फिरले, आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी आजवर पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज आवक केले. हा पहिला स्वतःचा जावक होता.

शुक्रवारी ते आले आणि माझ्या हातात कागद ठेवला. गोल शिक्का, तिरपी सही. "कु. यशोधरा जीवन हिला, क्रीडासाहित्य या सदराखाली, काठी (एक) नेण्यास हरकत नाही."

आता परिस्थिती बघा. माझ्याकडे परवानगी होती, रॉड नव्हता. आणि शनिवारी सकाळी सत्यभामा मॅडमनी वर्गात सांगितलं, "परवानगीचा कागद असल्याशिवाय कुणीही लांब वस्तू आणायची नाही." म्हणजे राजनंदिनीकडे रॉड होता, परवानगी नव्हती!

मला इतका आनंद झाला की मी गणिताच्या वहीत फूल काढलं.

शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आलीच. अंजना सोबत, रॉड खांद्यावर, मॅडमना दाखवायला म्हणून आणलेला. "यशोधरा, तुझ्या कागदावर माझा रॉड न्यायचा का? नाव तुझं, रॉड माझा."

यशोधरा! एरवी मला 'ए' म्हणायची.

मी कागद दप्तरातून काढला, उलगडला, परत घडी घातला. साहेबलोक असंच करतात. "एका अटीवर. ग्राउंडवर रॉड फेकून दाखव. समुद्राची लेक ना तू?"

आमच्या ग्राउंडला रस्त्याच्या बाजूने भिंत नाही. मंजूर आहे, पण नाही. राजनंदिनीने रॉड जोडला. मी बघत होते. तिची ती मोबाइलवरची रील मी सत्तेचाळीस वेळा पाहिली होती. मत्सराने माणूस जितक्या बारकाईने बघतो तितका अभ्यासाने बघत नाही. आणि आज समोरासमोर तेच दिसलं जे व्हिडिओत मला खुपत होतं. तिने रॉड धरला तेव्हा रील वर होती. उलटी.

"रील खाली लोंबती पायजे," मी म्हणाले. आवाज मुद्दाम कुजबुजता ठेवला, तज्ज्ञासारखा. "व्हिडिओत बी उलटीच होती. तू तो मासा धरलाच न्हाईस, राजनंदिनी."

या क्षणासाठी मी पंधरा दिवस जगले होते. आता ती रडेल, अंजना माझ्याकडे येईल, असं सगळं मी ठरवलेलं होतं.

राजनंदिनी रडली नाही. लाल झाली. "मामानं मासळीच्या लिलावातून आणलेला. रॉड बी मामाचाच, कुणी वापरंना म्हणून दिला मला." मग रॉडच्या टोकाकडे बघत म्हणाली, "सहा महिने झाले मला इथं येऊन. तुमी दोघी कुणाला मधी घेतच न्हाईत. मी रोज बघायची. तू अंजनाचा डबा खायचीस, ती तुझा. मला वाटलं, कायतरी असं दाखवावं की कुणीतरी येऊन विचारंल, कसा धरलास गं. दोघींनी विचारावं असं वाटलं होतं. एकटीच आली."

म्हणजे ही माझ्यावर जळत होती! मी तिच्यावर जळत असताना! मला एकाच वेळी वाईटही वाटलं आणि बरंही. बरं जरा जास्त वाटलं, खोटं कशाला बोलू.

"लई शहाणी हायस ना," ती म्हणाली आणि रॉड माझ्या हातात कोंबला. "मग तू फेकून दाखव."

आता माघार नव्हती. मी रॉड धरला. रील खाली. चाळीस ग्रॅमचा निळा-चंदेरी खोटा मासा टोकाला लोंबत होता, पोटाखाली त्याचे तीन तोंडांचे गळ. रॉड मागे नेला, डोळे मिटले आणि कुजबुजणाऱ्या माणसाचं स्मरण करून झटका दिला.

सांगते, असा आवाज मी कधी ऐकला नाही. सूंऽऽऽ करत दोरा निघाला. मासा ग्राउंडवरून गेला, झेंड्याच्या खांबावरून गेला, रस्त्यावर गेला. आणि नेमका त्याच वेळी, शाळेसमोरच्या गतिरोधकावर, वाळूचा एक ट्रॅक्टर हळू झाला.

एरवी हे ट्रॅक्टर उजाडायच्या आत नदीवरून निघून जातात. याला त्या दिवशी उशीर झालेला. ट्रॉलीवर हिरवी जाळी झाकलेली. आमचा मासा त्या जाळीत जाऊन बसला, तिन्ही गळांनी. आणि ट्रॅक्टरने वेग घेतला.

रील ओरडायला लागली. कर्रर्रर्र! रॉड कमानीसारखा वाकला. मी ओढली गेले. "धर मला!" मी किंचाळले. राजनंदिनीने माझी ओढणी धरली, मग कंबर धरली, आणि अंजना आमच्या पुढे रस्त्यावर पळत सुटली, हात हलवत, "थांबा! ओ थांबा! थांबा म्हणतेय ना!"

ड्रायव्हरने आरशात बघितलं. त्याला काय दिसलं असेल विचार करा. एक मुलगी हात करून थांबवतेय, मागून दोघी बारा फुटी काठी घेऊन धावतायत, आणि काठीपासून त्याच्या ट्रॉलीपर्यंत एक चमकती तार ताणलेली. तो ओरडला, "पथक! पथक आलं बे!" आणि त्याने तेच केलं जे तहसीलचं पथक मागे लागल्यावर करतात. ट्रॉली उचलली, सगळी वाळू शाळेच्या दारात ओतली आणि ट्रॅक्टर घेऊन जो सुटला, तो दिसेनासा झाला. जाळी वाळूवर पडली. जाळीत आमचा मासा.

धूळ बसली. आम्ही तिघी उभ्या होतो. समोर वाळूचा ढीग, हातात रॉड, दोरा त्या वाळूत गेलेला.

अंजना म्हणाली, "बाई गं. किनाराच आला की."

आणि हसू सुटलं. तिला उभं राहवेना. तिचं डोकं टेकायला जागा शोधत होतं, आणि मी रॉडसकट एक पाऊल पुढे सरकून माझा खांदा तिथे नेऊन ठेवला. आता राजनंदिनीने माझी कंबर अजून सोडली नव्हती, म्हणून तीही सोबत आली. त्याला माझा इलाज नव्हता.

मग तलाठीभाऊसाहेब आले. मुख्याध्यापक वाळूकडे फार मायेने बघत होते, कारण लांब उडीच्या खड्ड्याला पाच वर्षं वाळू मिळाली नव्हती. पण भाऊसाहेब म्हणाले, "सर, लांब उभे राहा, ही आता शासनाची हाय," आणि पंचनामा लिहायला बसले. पप्पांना कुणीतरी फोन केला होता, ते पेन घेऊनच आले.

"हिरवी जाळी एक," भाऊसाहेब लिहीत होते. "जाळीत अडकलेला मासा एक..."

"साहेब," पप्पा वाकून म्हणाले, "मासा लिहिलं तर वर विचारतील, ताजा की शिळा. 'माशाची प्रतिकृती, प्लास्टिक' लिहा."

"आणि ट्रॅक्टर अडवला कुणी?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. पप्पांनी खिशात हात घातला, पण माझ्याकडे कागद होता. मी तो दिला. भाऊसाहेबांनी शिक्का बघितला, सही बघितली, दोनदा वाचलं, "क्रीडासाहित्य." आणि मान हलवत लिहिलं, "सदर काठी परवानाधारक आहे."

पप्पांचे डोळे पाणावले. खरंच.

मासा मात्र जप्त झाला. राजनंदिनी तिच्या मासा नसलेल्या रॉडकडे बघत होती. तेवढ्यात सत्यभामा मॅडम यादी घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाळूचं, भाऊसाहेबांचं काही नव्हतं. "बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. सगळ्यांच्या जोड्या लागल्या, तुम्ही तिघी राहिलात. एक दोघींचं बाकडं, नाहीतर ड्रायव्हरच्या मागचं तिघींचं. बोला."

राजनंदिनी माझ्याकडे बघायला लागली, मग चपलेकडे. तिला वाटलं असणार, मी आता दोघींचंच म्हणणार. मलाही तसंच वाटलं होतं.

अंजना हळूच म्हणाली, "राजनंदिनी, एक सांगायचं राहिलं. मला गाडी लागती."

"किती?"

अंजना माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला विचार." आणि माझ्या जुन्या ड्रेसची शपथ, त्या दोन शब्दांवर मी घोड्यावर बसल्यासारखी उंच झाले.

मी मॅडमच्या कानात सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

दुपारी घरी आले तेव्हा आई नवीन रॉडवर पडदे चढवत होती. पाच हजार मीटरच्या दोऱ्याने तिने त्यांची टीप मारली होती, आणि अजून चार हजार नऊशे तरी शिल्लक होता. पप्पा कॉटवर बसून पंचनाम्याची प्रत तिसऱ्यांदा वाचत होते. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "रॉड नको. राजनंदिनीचा रॉड माझ्या परवानगीवर जाणार. मासा तुमच्या शासनाकडं हाय, तर आमी किनाऱ्यावर नुसता दोरा फेकू. ड्रायव्हरच्या मागचं तिघींचं बाकडं घेतलंय. खिडकीत अंजना. कडंला राजनंदिनी."

"आन् तू?" आईने पडद्याआडून विचारलं.

"मधी मी. कायम मधी मीच बसणार, हे आत्ताच सांगून ठेवते." मी डब्यांच्या फळीवरून ती पुडी काढली आणि दप्तरात टाकली. "आणि ही लवंग मी न्यायलेय. सगळी. तोंडात धरली की मळमळ थांबती म्हणतेत, आणि अंजनाला घाट लई लागतो. दोन लिंबं आणि दहा कॅरीबॅगा तेवढ्या काढून ठेवा."

पप्पांनी चष्मा वर केला.

"लेखी दे," म्हणाले.